पडद्यावरचे पिस्तूल

मुंबई दूरदर्शनवर १९८०च्या दशकात ‘एक शून्य शून्य’ ही पोलीसकथांची मराठी मालिका लागत असे. दिग्दर्शक बी. पी. सिंग, भूमिका करणाऱ्यांत शिवाजी साटम. आपल्या बीदर-कलबुर्गीच्या घरांत ही जोडी शिरली ती मात्र १९९८ मध्ये सुरू झालेल्या हिंदी ‘सी. आय. डी.’मधून.

अशा मालिकांत पैसा बेताचा, म्हणून हत्यारे लटकी. त्याला हरकत नाही. परंतु सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरातून पुन्हा न भरता आठवी गोळी सुटली, की कथेवरचा विश्वास उडतो. गोळ्या मोजावयास काही खर्च येत नाही! रिव्हॉल्व्हराला नळकांडे जोडून आवाज गिळविणारा खलनायकही हटकून भेटतो. वस्तुतः त्याची फिरती चक्री आणि नळी यांमधील फटीतून आवाज बाहेर पडतोच.

उलट खऱ्या हत्याराचा हट्ट जिवावर बेततो. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटाने मालिकेच्या चित्रीकरणस्थळी थट्टेने रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. आत शिशाची गोळी नव्हती, नुसते दारूचे काडतूस होते. त्याच्या दाबाने कवटी फुटली आणि काही दिवसांत तो गेला.

म्हणून लाकडी पिस्तूल दिसले तरी मी नाक मुरडीत नाही. नटाने ते जड असल्यासारखे धरावे, एवढेच मागणे.