बांगड्याबरोबर वाईन? चालते, आणि स्वस्तातलीच चालते



गेल्या रविवारची गोष्ट. मार्केटात आमच्या एका मावशीच्या पाटीसमोर पुण्याकडचं एक तरुण जोडपं येऊन थांबलं. भाड्याच्या फ्लॅटवर गॅस आहे, वाईनची बाटली पिशवीत आहे, आता फक्त मासा हवा. "मावशी, व्हाईट वाईनबरोबर कुठला मासा चांगला लागतो हो?" मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "इसवण घे बाय." इसवणाचा भाव ऐकला आणि दोघं "बघून येतो" म्हणून निघाली. थोड्या वेळाने तीच दोघं पलीकडच्या सुपरमार्केटातून गोड्या पाण्यातल्या बासाचं पाकीट घेऊन बाहेर पडताना मी पाहिली. इकडे मावशीच्या पाटीत पहाटेचा, डोळे चकचकीत असलेला बांगडा अर्धाअधिक तसाच.

मावशीची यात काही चूक नाही. वाईन म्हणजे भारीतली गोष्ट, तेव्हा मासाही भारीतलाच पाहिजे, हे हॉटेलांच्या मेनूने आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसवलंय. पापलेट, इसवण, चोणक, फार तर तांबसो. बांगडा आणि तारले शीत-कडीवाल्यांचे. माझं मत नेमकं उलटं आहे. साधी, कोवळी, आंबटसर पांढरी वाईन तेलकट माशाबरोबर जितकी जुळते, तितकी पापलेटाबरोबरही जुळत नाही.

हे काही माझ्या पदरचं नाही. पोर्तुगालात बघा. लिस्बनमध्ये १३ जूनला सांत आंतोनचं फेस्त असतं. आदल्या रात्री गल्लोगल्ली शेगड्या पेटतात आणि त्यावर काय भाजतात? तारले! (आपली तेव्हा मासेमारी बंदी असते, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे आपण नुसतं वास घेतल्यासारखं वाचायचं.) त्यांच्या उत्तरेकडच्या मिन्यो भागात 'विन्यो व्हेर्द' नावाची वाईन होते. शब्दशः हिरवी वाईन, म्हणजे कोवळी. आंबट, हलकी, अल्कोहोल कमी, जिभेला जरा चुरचुरणारी आणि तिकडे स्वस्त. तेलकट मासा आणि असली वाईन ही तिथल्या साध्या माणसाची जोडी आहे, श्रीमंताची नाही. साडेचारशे वर्षं ते इथे राहिले आणि ही एक कामाची गोष्ट मागे ठेवायला विसरले!

मागे राहिलं ते 'पोर्ट वाईन' हे नाव. आपल्या दुकानांत त्या नावाने मिळते ती लाल गोड वाईन नाताळात केकबरोबर ठीक. अशक्तपणावर म्हणून आजीने चमचा-दोन चमचे दिली असेल तेही ठीक. पण माशाबरोबर नको. लाल वाईनचं तर आणखी एक आहे. सालीतून उतरलेल्या तुरटपणामुळे ती माशाबरोबर तोंडात लोखंड चाटल्यासारखी लागते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी शिंपल्यांबरोबर वाईन चाखून पाहिली, तेव्हा वाईनमध्ये लोह जितकं जास्त तितका मागाहून येणारा वशाट वास जास्त, असं त्यांना दिसलं. म्हणजे "माशाबरोबर पांढरी" हा नुसता साहेबी नखरा नव्हे.

आता खिशाचं बोलू. बाहेरून आलेल्या वाईनवर आयात शुल्कच इतकं असतं (मूळ दर बरीच वर्षं १५० टक्के) की तिकडची साधी बाटलीही इकडे येईपर्यंत शेटीण होऊन बसते. तेव्हा नाशिककडे बघा. दिंडोरीच्या बाजूला होणारी शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या दोन द्राक्षांची वाईन आपल्याकडे सहज मिळते. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, द्राक्षाचं नाव लेबलावर वाचा. शेनिन जरा फळाळ, कधी किंचित गोडसर. सोव्हिन्यों जास्त आंबट, हिरव्या कैरीची आठवण करून देणारी. बाटलीवरचं साल बघा. स्वस्तातली पांढरी वाईन जितकी ताजी तितकी बरी, दोन वर्षांपेक्षा जुनी घेऊ नका. दुकानाच्या काचेत उन्हाला उभी केलेली बाटली फुकट दिली तरी नको. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा गैरसमज आहे. बाटली जड असली म्हणून आतला माल चांगला होत नाही, तसं असतं तर आपण मासे दगडांसकट तोलले असते.

एका बाटलीत ७५० मिली असते, म्हणजे पाच माणसांना एकेक ग्लास. भागिले पाच करा आणि हॉटेलातल्या एका ग्लासाच्या भावाशी ताडून बघा.

जोडी जुळवताना मासा कुठला यापेक्षा तो केला कसा, हे जास्त महत्त्वाचं. बांगडा नुसतं मीठ-हळद लावून, रवा लावून तळला की सोव्हिन्यों. तिचा आंबटपणा तेल कापतो, लिंबू पिळल्यासारखं काम होतं. तोच बांगडा रेशाद मसाला भरून केला, तर मिरची आणि व्हिनेगर दोन्ही आले. मिरचीवर कडक वाईन ओतली तर आग वाढते, म्हणून लेबलावर अल्कोहोलचा आकडा बघून कमीतली घ्यायची, आणि किंचित गोडसर शेनिन असेल तर उत्तम. सगळ्यात अवघड हुमण. नारळाचं गोडसर दूध, आंबट सोलां, त्यात तिरफळ. कडीपेक्षा वाईन कमी आंबट असली की ती पाण्यासारखी लागते. मी तीन-चार प्रकार करून पाहिले. तिरफळाच्या हुमणाला गारेगार शेनिनच बरी वाटली, कारण तिरफळाला स्वतःचाच एक संत्र्याच्या सालीसारखा वास असतो आणि तो तिच्यात मिसळतो. घरात यावर एकमत नाही. सौ. म्हणते हुमणाबरोबर पाणी प्या आणि गप्प बसा.

तिसऱ्यांचं सुकं, कालवं यांना कुठलीही कोरडी पांढरी चालेल. सुंगटांच्या किसमुरीला मात्र वाईनच्या भानगडीत पडू नका, हंगाम असेल तर हुर्राक आहेच.

थंड करायला फ्रीज हवाच असं नाही, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. बर्फात पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला, बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर दुप्पट वेळ लागतो. मात्र मासळीच्या पेटीतला बर्फ नको रे बाबांनो!

बर्फावरून एक गंभीर गोष्ट. बांगडा उन्हात राहिला, बर्फ कमी पडला, तर त्यात हिस्टामीन तयार होतं. तळून, उकळून ते जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. गिऱ्हाईक म्हणतं वाईन बाधली किंवा मला माशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि ते परत बांगड्याकडे वळत नाही. दोष वाईनचाही नसतो, बांगड्याचाही नसतो, आपण वाचवलेल्या बर्फाचा असतो. बांगडा वाईनवाल्यांच्या ताटात नेऊन ठेवायचा असेल, तर होडीपासून पाटीपर्यंत बर्फ, त्यात तडजोड नाही.

हा विषय मी सोसायटीच्या बैठकीत काढला, तेव्हा एक काकी उठून म्हणाल्या, "आमच्या घरांत दारूने काय करून ठेवलंय ते ठाऊक असून तू हे लिहिणार?" मला खरंच उत्तर सुचलं नाही. त्या म्हणतात ते खोटं नाही, आणि वाईन म्हणजे दारू नव्हे, असलं गुळमुळीत मी बोलणार नाही. दारूच आहे ती. आपल्या होडीवर जाणाऱ्याने आदल्या रात्रीपासून थेंबही घेऊ नये, आणि २१ वर्षांखालच्या पोराचा तर प्रश्नच नाही. सोसायटीच्या काउंटरवर बाटली ठेवायची नाही, लायसन काढायचं नाही, यावर मी काकींच्या बाजूने हात वर केला.

पण त्या पुणेकर जोडप्याच्या पिशवीत बाटली आधीच होती. दुसऱ्या पिशवीत आपला बांगडा जातो की बासा, एवढंच आपल्या हातात होतं. ऑगस्टात बंदी उठली, बांगडा-तारल्यांचा लोंढा आला की भाव कोसळतो आणि उरलेला माल फिशमीलवाल्याचा ट्रक उचलतो. माणसाने चाटून-पुसून खावा असा मासा कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जातो. हजार किलोंतले शंभर किलो जरी घरगुती गिऱ्हाईकाकडे गेले, तरी पाटीवाल्या मावशीला फरक पडतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. काउंटरवर एक पाटी लावू: आजचा मासा, भाव, कसा करायचा, आणि खाली एका ओळीत कशाबरोबर खायचा. सोलकढी पहिली, लिंबूसरबत दुसरं, पांढरी वाईन तिसरी. काकींनी या क्रमावर मान हलवलीय. आता फळ्यावर 'बांगडा' लिहायचं की 'बांगडो', यावर वाद सुरू आहे. तुमचं मत खाली कळवा, येत्या बुधवारी रंगारी येणार आहे.