मोगरा कोणाला शोभतो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात व्यक्तिमत्त्व विकासाचे एक दिवसाचे शिबिर झाले. पाहुण्या बाईंनी मुलाखतीला कसे बसावे, अर्ज कसा लिहावा हे फार चांगले सांगितले. माझ्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यामुळे मला त्याचा उपयोगच झाला. पण शेवटी विषय निघाला सुगंधांचा. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. नाजूक, लाजऱ्या मुलींना मोगरा, जाई, गुलाब असे फुलांचे सेंट शोभते; धीट, करारी स्त्रीने चंदनाचे किंवा मसालेदार वासाचे वापरावे. शेजारच्या मैत्रिणीने मला कोपराने ढोसले आणि म्हणाली, "बघ, तू पहिल्या रकान्यातली!"

तिच्या म्हणण्याला कारण होते. जून महिन्यात वर्गातल्या दोघीतिघींनी मला विचारले होते, "कुठले सेंट लावतेस ग? मोगऱ्याचा किती छान वास येतो!" मी सांगितले, "मामेभावाने मुंबईहून आणलेय." वाचकहो, मला मुंबईत मामेभाऊ नाही. माझी आई बसस्थानकाबाहेर गजरे विकते. सकाळच्या तासाला येण्यापूर्वी मी दीड तास तिच्याबरोबर कळ्या ओवते. तो वास बाटलीतला नव्हता, माझ्या बोटांचा होता.

हे आज छापून सांगण्याचे कारण एवढेच, की त्या दोन रकान्यांनी मला विचारात पाडले. मोगरा नाजूक स्त्रीचा, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पहाटे चार वाजता फुलबाजारात यावे. पावसाळ्यात भिजलेल्या कळ्या वजनाला जड भरतात आणि दुपारपर्यंत डागाळतात. म्हणून आई मूठभर कळ्या हातात घेऊन दाबून पाहते, मगच भाव करते. व्यापाऱ्याने ओला माल गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तर तिचा आवाज चार गाळ्यांपलीकडे ऐकू जातो. तिच्याइतके मोगऱ्याच्या वासात आयुष्य काढलेले दुसरे माणूस मला ठाऊक नाही. मग तिला कुठल्या रकान्यात घालायचे?

फुलांचा वास बायकांचाच, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात पुरुषांच्या मनगटाला गुलाबाचे नाहीतर हिन्याचे अत्तर लावतात, जुनी माणसे फाया कानात ठेवतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या डेगेत फुले उकळून, त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवून अत्तर करण्याची जुनी परंपरा आहे. ते अत्तर पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या लावले. त्यामुळे कोणाच्या मर्दानगीला बाध आल्याचे ऐकिवात नाही.

ग्रंथालयात या विषयावर वाचताना मला एक बाई भेटली, गॅब्रिएल शॅनेल. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध स्त्री-सुगंधांपैकी एक, शॅनेल नंबर ५, तिने १९२१ साली बाजारात आणला. तो तयार केला एर्नेस्ट बो या कारागिराने. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावची जाई आणि गुलाब यांना त्याने प्रयोगशाळेत बनवलेल्या आल्डिहाइड नावाच्या द्रव्यांची जोड दिली. त्यामुळे तो वास कुठल्याही एका फुलाचा राहिला नाही. ज्या सुगंधाकडे जग श्रीमंती आणि नजाकत म्हणून पाहते, त्याची मालकीण १८८३ साली एका फिरत्या विक्रेत्याच्या घरी जन्मली. तिची आई लोकांचे कपडे धुवायची. आई लवकर गेली आणि मुलगी जोगिणींच्या अनाथाश्रमात वाढली. पुढे नाव मिळाल्यावर ती आपल्या बालपणाच्या वेगळ्याच कथा सांगत असे. तिचे सारेच अनुकरणीय होते असे नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या तिच्या वागण्यावर कठोर टीका झाली आहे. पण ती बालपणाची लपवाछपवी वाचताना मला माझा मुंबईचा मामेभाऊ आठवला आणि मी पुस्तक मिटले.

आणखी एक गोष्ट कळली. जाई-मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचे एक द्रव्य असते. ते थोडे असले की फुलाला गोडवा आणि भरीवपणा येतो; तेच नुसते, दाट हुंगले तर कुजकट वास येतो. म्हणजे ज्याला आपण शुद्ध, निरागस म्हणतो त्या वासातही थोडी घाण मिसळलेलीच असते, आणि तिच्यावाचून तो पुरा होत नाही. शिवाय जाईचा एक किलो शुद्ध अर्क मिळायला सुमारे ७०० किलो फुले लागतात. ती पहाटे वाकून, एक एक करून खुडावी लागतात. बाटलीवर मात्र खुडणारीचे नाव नसते, घेणारीचा स्वभाव लिहिलेला असतो!

कोणी म्हणेल, एवढे मनावर घेण्यासारखे यात काय आहे? ज्याला जे आवडेल ते त्याने लावावे. माझेही तेच म्हणणे आहे. सेंट लावणाऱ्यांवर माझा राग नाही आणि गरिबीला सुगंध असतो असली कविताही मला करायची नाही. फुलबाजारात चिखल असतो, सडक्या पाल्याचा वास असतो. माझा आक्षेप रकान्यांना आहे. एकदा रकाने आखले, की माणूस आपला वास तर लपवतोच, पण आपली आईसुद्धा लपवतो. मी तेच केले.

शिबिरातले ते दोन रकाने मी घरी आईला सांगितले. ती ओवता ओवता म्हणाली, "ज्याला परवडतो त्याला शोभतो. दिवाळीत भाव चढला की मग बघ किती जणी लाजऱ्या राहतात." मी विचारले, "तू का नाही माळत?" ती म्हणाली, "विकायचा माल डोक्यात घालून बसले तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" तिच्या या उत्तरात मला फळ्यावरच्या दोन्ही रकान्यांपेक्षा जास्त खरेपणा दिसला. शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न स्वभावाचा कमी आणि ऐपतीचा जास्त असतो.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी पाटीतला एक गजरा उचलला, त्याचे वीस रुपये तिच्या डब्यात टाकले आणि तो तिच्याच अंबाड्यावर माळला. "काय हे खूळ!" म्हणून ती रागावली, पण संध्याकाळपर्यंत काढला नाही.

आणि माझ्या सेंटचे नाव विचारणाऱ्या मैत्रिणींनो, उशिरा का होईना, खरे उत्तर देते. ते बसस्थानकाच्या दाराशी, उजव्या हाताला, दुपारी चारनंतर मिळते. भाव करायला हरकत नाही. मात्र समोरची बाई पहिल्या रकान्यातली नाही, एवढे ध्यानात ठेवा.

— द्वितीय वर्ष, कला