फाटक किती वाजता बंद होतं?



बारावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात दरवर्षी एक वेगळीच वर्दळ सुरू होते. एरवी येतात त्या नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या, पोटगीसाठी कोर्टात खेटे घालणाऱ्या बाया. या दिवसांत त्यांच्याबरोबर त्यांच्या मुली येतात. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, महाविद्यालयांची यादी आणि चेहऱ्यावर धाकधूक.

यंदा अशीच एक आली. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. बाप घर सोडून गेलेला, त्यामुळे निर्णय मामाचा. मामाने महाविद्यालय ठरवूनही टाकलं होतं. घराजवळचं, फक्त मुलींचं, आणि 'पाचला फाटक बंद होतं' ही त्याची मोठी जमेची बाजू. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, प्रश्न विचारला तर ओरडत नाहीत असं कॉलेज कोणतं?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणायची आपल्याला सवय आहे. पण माहेर कसं असतं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? तिथे मायाही असते आणि दिवेलागणीच्या आत घरात यायचा दंडकही असतो.

१९८४ साली मी पुण्यातल्या एका वसतिगृहात राहत होते. मंजुश्री सारडाच्या मृत्यूनंतर शहरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, 'मुलगी झाली हो' नाटकाची सगळीकडे चर्चा होती. आम्हीही हुंड्यावर एक पथनाट्य बसवायला घेतलं. तालीम संपायला उशीर व्हायचा आणि वसतिगृहाचं फाटक सातला बंद. माझी खोलीतली मैत्रीण सोलापूरकडची, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, अभ्यासात माझ्या कितीतरी पुढे. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा रेक्टरबाईंनी तिच्या घरी पत्र धाडलं. चौथ्या दिवशी वडील आले, ट्रंक उचलली आणि तिला घेऊन गेले. परीक्षा दोन महिन्यांवर होती. त्याच वैशाखात तिचं लग्न झालं.

त्या संध्याकाळी मीही तालमीला होते. पण मी घड्याळ बघून आधी निघाले. रेक्टरबाईंनी विचारलं, "ही कुठे होती?" तेव्हा मी मान खाली घालून उभी राहिले. आम्ही काय करत होतो हे सांगायची मला भीती वाटली. पुढची इतकी वर्षं मी सभांमधून बोलते आहे, पण ते न बोलणं अजून सलतं. म्हणून 'सुरक्षित कॉलेज' हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, सुरक्षित कोणासाठी? मुलीसाठी, की तिच्या घराच्या अब्रूसाठी?

मुलींनी कुठे शिकावं हा वाद या शहराला नवा नाही. सावित्रीबाईंनी १८४८ साली शाळेत पाऊल टाकलं तेव्हा शिकावं की नाही, हाच प्रश्न होता. १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली तेव्हा तो बदलला. शिकू दे, पण काय शिकू दे? मुलींना इंग्रजी, गणित मुलांसारखंच शिकवायचं यावर 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली आणि त्यातून कल्पना पक्की झाली. सुरुवातीला पाच विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून, ही त्या काळात फार पुढची गोष्ट. पण अभ्यासक्रम आखताना बाईचं कार्यक्षेत्र वेगळं, तेव्हा तिचं शिक्षणही वेगळं, असा विचार होता. एकाच संस्थेत दार उघडणं आणि उंबरठा आखून देणं, दोन्ही एकदम.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण त्यांच्याच घरातलं. सून इरावती कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या, मुंबई विद्यापीठातून एम. ए. झाल्या आणि पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीला जायचं ठरलं. महर्षींना ते पसंत नव्हतं. नवरा दिनकर पाठीशी उभा राहिला आणि त्या गेल्या. बर्लिनमध्ये मार्गदर्शकाचं गृहीतक होतं की कवटीच्या ठेवणीतून वंशावंशांतला फरक दिसतो. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापांतून तसं काही सिद्ध होत नाही असं लिहिलं. परत आल्यावर सासऱ्यांनी काढलेल्या त्याच महिला विद्यापीठात १९३०च्या दशकात त्यांनी कुलसचिव म्हणून काम केलं, आणि नंतर डेक्कन कॉलेजमध्ये आयुष्यभर संशोधन केलं.

यातून मी इतकंच शिकले की संस्थेच्या नावावरून किंवा संस्थापकाच्या तसबिरीवरून तिथे मुलीला मोकळा श्वास घेता येईल की नाही हे कळत नाही. 'मुलींचं कॉलेज म्हणजे जुनाट' आणि 'मुलामुलींचं म्हणजे पुढारलेलं' हेही खरं नाही. देशातलं पहिलं स्त्री-अभ्यास केंद्र १९७४ साली महिला विद्यापीठातच, मुंबईला नीरा देसाईंच्या पुढाकाराने उभं राहिलं. पुणे विद्यापीठात असं केंद्र १९८७ साली सुरू झालं, आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे शर्मिला रेगे यांनी शिकवण्याच्या रीतीलाच हात घातला. मराठी माध्यमातून, दलित-बहुजन घरांतून आलेली मुलगी वर्गात गप्प का बसते? दोष तिच्यात, की वर्गाच्या भाषेत? जोतिबांच्या 'तृतीय रत्न'पाशी जाऊन त्यांनी हा प्रश्न मांडला. २०१३ साली त्या गेल्या, पण प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःला विचारावा असा तो प्रश्न आहे.

मग त्या मुलीला मी काय सांगितलं? आम्ही दोघींनी कागद-पेन्सिल घेतली आणि विचारायचे प्रश्न लिहून काढले. तुमच्याही उपयोगी पडतील.

वसतिगृहाची वेळ मुलांना एक आणि मुलींना एक आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. त्याच वर्षी दिल्लीत मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत फाटकांवर धडक दिली. नियम कागदावर आहे, तो सांगायला मात्र आपल्यालाच जावं लागतं.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का, आणि तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लागलेली आहेत का? तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवेत. ते कोण, हे कोणाला माहीत आहे का?

विद्यार्थ्यांना बोलायला जागा आहे का? १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या आणि प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. पण कायद्याची वाट न बघताही भित्तिपत्रक, नाटक, वादसभा चालू ठेवता येते. तिथे ते चालतं का?

मराठीत प्रश्न विचारला तर चालतो का? ग्रंथालयात मुली किती वाजेपर्यंत बसतात? स्वच्छतागृह कसं आहे?

आणि शेवटचा, खरं तर पहिला प्रश्न पैशांचा. निवड करणं हीच मुळात चैन आहे असं वाटणाऱ्या घरांतून आपल्या बहुतेक मुली येतात. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी निम्मंच माफ होतं. पण अभिमत आणि खाजगी विद्यापीठं, व्यवस्थापन कोटा यांना ही सवलत नाही. खोलीभाडं, खानावळ, बसचा पास यांचं तर नावच नको. दाखले वेळेत नसले म्हणून प्रवेश हुकलेल्या मुली आपण दरवर्षी बघतो. तेव्हा जूनची वाट न बघता जानेवारीतच मुलींना तहसील कार्यालयात घेऊन जायला हवं.

आमच्या दोन कार्यकर्त्या त्या मुलीबरोबर तीन महाविद्यालयांत जाऊन आल्या. एके ठिकाणी समितीची नावं विचारल्यावर कारकून म्हणाले, "आत्ताच कशाला हवीत, काही झालंय का?" दुसरीकडे प्राध्यापिकांनी बसवून घेतलं आणि ग्रंथालय दाखवलं. तिसरीकडे कार्यालय बंद होतं, पण फाटकापाशी मुलींचा घोळका होता. त्यांनी तासभर जी माहिती दिली ती कोणत्याही माहितीपुस्तकात नव्हती.

मुलीने दुसरं महाविद्यालय निवडलं. मामा अजून नाराज आहे. आईने मात्र एक वाक्य सांगितलं, "मला कोणी विचारलं नव्हतं, हिला विचारलं गेलं, बास." ही मुलगी तिथे टिकेल की नाही, घरच्यांचा धीर सुटेल की काय, हे आज सांगता येणार नाही. उशीर झाला म्हणून घरी पत्र गेलंच, तर या वेळी तिच्या शेजारी कोणीतरी मान वर करून उभं असेल, एवढी जबाबदारी आपली.

तेव्हा एक विनंती. प्रत्येक गटाने आपल्या गावातलं एक महाविद्यालय, एक वसतिगृह निवडावं, वरचे प्रश्न घेऊन जावं, आणि काय उत्तरं मिळाली ते आम्हाला कळवावं. उत्तरं मिळाली नाहीत तर तेही कळवावं. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.

आणि सोलापूरकडची माझी ती मैत्रीण हे वाचत असेल, तर तिनेही लिहावं. माफी मागायची राहून गेली आहे.