दाराच्या फटीत काय भरायचं?

घरच्या टाटामोबाइलचं काम काढल्यापासून नातेवाईकांचे दोन प्रश्न ठरलेले. "किती खर्च आला?" आणि "त्यापेक्षा नवीन का नाही घेतली?" पहिल्याचं उत्तर मी इथे देणार नाही (बायको हा ब्लॉग वाचते). दुसऱ्याचं फार लांबेल. मला बोलायचंय ते कुणीच न विचारलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे दाराच्या फटीबद्दल.

टेल्कोने टाटामोबाइल २०६ आणली १९८८ साली. आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जीभ अजून ऐकत नाही) असल्या पिकअपनी दुधाचे कॅन वाहिले, कांदा वाहिला, डाळिंबं वाहिली. खाली चॅसी, तिच्यावर रबरांवर टेकलेली केबिन आणि मागे वेगळा हौदा, अशी ही गाडी. तीसेक वर्षं खड्डे खाल्ल्यावर रबरं दबतात आणि केबिन एका अंगाला कलते. मग दार मागच्या कडेला लोंबतं, बॉनेट मडगार्डला घासतं.

यावर आपल्याकडचा हमखास इलाज म्हणजे दाराखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावून दार वर रेटायचं. उरलेल्या फटीत पुट्टी. मलाही एका गॅरेजात हाच सल्ला मिळाला, वर "रंग मारल्यावर कुणाला कळतंय?" अहो, मला कळतंय ना! दार दिवसातून वीस वेळा आपटतं, गाडी खडीच्या रस्त्यावर हादरते. कडेला जाड भरलेली पुट्टी तडकते, तडकीत पाणी शिरतं आणि आतला पत्रा गुपचूप कुजतो. खांबच वाकला असेल तर तो ओढावा लागतो, ते मान्य. पण सरळ खांबाला जॅकने वाकवणं हा उपचार नव्हे, मारहाण आहे.

यावरचा उपाय असतो पैशा-दोन पैशांच्या पत्र्याचा. शिम. घोड्याच्या नालासारखी कापलेली पातळ पट्टी. बोल्ट सैल करायचा, पट्टी सरकवायची, पुन्हा आवळायचा. बैलगाडीला सुतार पाचर मारायचा, तीच जात.

आता यातली गंमत बघा. समजा दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंमी अंतर आहे आणि दार एक मीटर लांब. खालच्या बिजागरीमागे फक्त १ मिमीची शिम घातली, की दाराचं मागचं टोक अडीच मिमी वर येतं! म्हणून अर्ध्या मिमीच्या पट्ट्या कापून ठेवायच्या, आणि एका वेळी एकच. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

क्रमही ठरलेला हवा. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी. जॅकवर चॅसी पिळते आणि जमवलेलं सगळं खाली उतरवल्यावर बिघडतं. आधी केबिनची रबरं. मग बिजागरीच्या खिळी आणि बुश: उघडं दार टोकाला धरून वर उचला, खडखडलं तर शिमचा विचारही करू नका. त्यानंतर दार, दाराला जुळवून मडगार्ड, आणि मडगार्डांना जुळवून बॉनेट. हे सगळं रंगाच्या आधी.

सगळ्या फटी आरशासारख्या एकसारख्या करायचा हट्ट मात्र मला पटत नाही. ही मालवाहू गाडी होती. कारखान्यातून निघतानाही दोन मिमी इकडेतिकडे असेल. दार एका बोटाने लागलं आणि कुठे घासलं नाही, की बस्स.

२०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार विंटेज म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांपुढची लागते, आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. आमची ९२ ची, म्हणजे २०४२ पर्यंत ती नुसतीच "जुनी". नियमात पुट्टीचा उल्लेख नाही. पण मूळ ढाचा जपायचा हा विचार मला आवडतो, आणि शिम नेमकं तेच करते. उद्या कुणाला नको वाटली तर बोल्ट सोडून काढून टाकेल.

असो. डाव्या दारामागे दोन जुन्या, गंजलेल्या शिम निघाल्या. जोडणाऱ्या कुणीतरी आपल्या हाताने, डोळ्याने अंदाज घेऊन घातल्या असणार. त्या तारेने बोल्टला बांधल्यात, चिठ्ठी लावलीय: "डावं दार, वरची बिजागरी, २ नग." उजवं मडगार्ड रविवारी.