खाण सुरू होण्याआधी गावाची वही सुरू करा

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे तालुक्यांतील ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी पुन्हा सुरू होत आहेत. 2022 च्या अखेरीस पहिल्या पट्ट्यांचे लिलाव झाले आणि 2024 मध्ये डिचोलीत उत्खनन सुरू झाले. काही घरांत याचा आनंद आहे, काही घरांत धास्ती आहे. पुष्कळदा दोन्ही एकाच घरात आहेत. मुलगा ट्रकसाठी कर्ज काढायच्या विचारात आहे आणि बापाला कुळागराच्या पाण्याची चिंता आहे. हे आवाहन त्या दोघांसाठी आहे.

आधीच्या खाणी का बंद पडल्या, हे आपण विसरता कामा नये. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. 2012 च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला. 2014 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, या पट्ट्यांची मुदत 2007 च्या नोव्हेंबरमध्येच संपली होती. म्हणजे त्यानंतरची जवळपास पाच वर्षे खाणी हक्काविना चालल्या. मग पट्ट्यांचे नूतनीकरण होऊन खाणी पुन्हा चालू झाल्या, पण 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 पट्ट्यांचे ते नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले आणि खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, पण बँकेचे हप्ते थांबले नाहीत. नियम मोडून निघालेल्या खनिजाचा नफा वर गेला आणि त्याची शिक्षा ट्रकवाल्याने, गॅरेजवाल्याने, रस्त्याकडेच्या खानावळीने भोगली. म्हणून खाणीवर पोट असलेल्या प्रत्येकाला सांगावेसे वाटते की, नियमांचा आग्रह धरणारा गावकरी तुमच्या रोजगाराचा वैरी नाही. तुमचा रोजगार टिकायचा असेल, तर तो नियमांवरच टिकेल.

आता पाण्याविषयी. आपल्याकडचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे. एक टन माल काढायला साधारण दोन ते तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. तिचे डोंगराएवढे ढिगारे उभे राहतात आणि पावसाळ्यात त्यांतली माती ओहोळांतून भातशेतीत आणि नद्यांत उतरते. ज्या खांडेपार नदीचे पाणी ओपा प्रकल्पातून फोंडा आणि पणजीपर्यंत पोचते, तिचे पाणलोट क्षेत्रही याच खाणपट्ट्यात आहे. म्हणून शहरातल्या बांधवांनीही हा विषय परका मानू नये. दुसरे असे की, खनिजाचा थर स्वतःच पाणी धरून ठेवतो. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी उपसत राहावे लागते, आणि मग आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. श्री लईराईच्या शिरगावात विहिरी आणि झरी आटल्याचा अनुभव साऱ्या गोव्याला ठाऊक आहे.

अशा वेळी गाव म्हणते, ‘आधी पाणी होते.’ समोरून विचारणा होते, ‘पुरावा काय?’ आणि गाव तिथे हरते. आपल्याकडे दुःख असते, नोंद नसते. म्हणून आजपासून पुढील कामे हाती घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

1. गावाची वही. वाड्यावाड्यांतल्या काही विहिरी आणि झरी निवडा. दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि तारखेसह लिहा. शेतात गाळ आला, रस्त्यावर ट्रकचा माल सांडला, तर छायाचित्रासह नोंद करा. खाण सुरू होण्याआधीचे निदान एक पूर्ण वर्ष वहीत असेल, तर ती वही बोलेल. हायस्कूलचे विद्यार्थी आणि महिला मंडळे हे काम उत्तम करू शकतील.

2. जनसुनावणी. पर्यावरणीय मंजुरीआधी होणाऱ्या या सुनावणीची सूचना निदान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरणीय अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो मिळवा आणि गटाने बसून वाचा. आपल्या झऱ्याचा, शाळेचा, देवराईचा त्यात उल्लेख आहे का, ते पाहा. आक्षेप लेखी द्या आणि पोच घ्या. सुनावणीचे इतिवृत्त तिथेच वाचून दाखवणे बंधनकारक आहे. ते ऐकल्याशिवाय उठू नका.

3. मंजुरीच्या अटी. पर्यावरणीय मंजुरीची प्रत पंचायतीला मिळते. त्यात वाहतूक, धूळ, गाळ अडवणारी तळी यांविषयीच्या अटी असतात. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला सादर करावा लागतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. हा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा आणि आपल्या वहीशी ताडून पाहावा. मंजुरीच चुकीची वाटली, तर हरित लवादाकडे अपील करायला 30 दिवसांची मुदत आहे. ती हुकवू नका.

4. पैसा. 2015 पासून प्रत्येक खाणपट्टाधारकाला रॉयल्टीखेरीज जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम भरावी लागते. ती बाधित गावांचे पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी आहे. आपल्या गरजा ठरावाच्या रूपाने प्रतिष्ठानाकडे पाठवा आणि झालेल्या खर्चाचा हिशेब मागा. याशिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के वाटा कायम निधीत ठेवायला सांगितले आहे. बियाण्याची कणगी रिकामी करणारा शेतकरी पुढच्या वर्षी काय पेरणार? भूगर्भातले खनिज एकदाच विकता येते. त्यात आपल्या नातवंडांचा हिस्सा आहे.

5. खाणीनंतरचे गाव. खाण बंद करण्याचा आराखडा कायद्याने सक्तीचा आहे. खंदक बुजणार की त्याचे तळे होणार, ढिगाऱ्यांवर इथलीच झाडे लागणार का, सुपीक माती कुठे राखून ठेवली आहे, हे प्रश्न शेवटी विचारून उपयोग नाही. ते पहिल्या दिवशी विचारा.

ट्रकमालक आणि चालक बांधवांना वेगळी विनंती आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नका, ताडपत्री नीट बांधा, शाळेच्या वेळेत सावकाश जा. रस्त्याच्या दुतर्फा राहणारी माणसे तुमचीच आहेत. पंच आणि सरपंचांनी कोणाच्याही दडपणाविना माहिती ग्रामस्थांसमोर ठेवावी. माहितीच्या अधिकाराने मिळणारा कागद पंचायतीने स्वतःहून दाखवला, तर अर्ध्या तंट्यांचे कारणच उरणार नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे सरकारचे काम आहे. आहेच. पण सरकारची देखरेख अपुरी पडली म्हणूनच 2012 साल उजाडले. खाण हवी असणारे आणि नको असणारे यांची मते जुळतील न जुळतील, पण खरी माहिती दोघांनाही हवी. येत्या रविवारच्या ग्रामसभेला घरटी निदान एकाने यावे. प्रत्येक वाड्यातून दोन माणसे पाण्याच्या नोंदीसाठी नेमण्याचा ठराव मांडावा, तो मंजूर करून घ्यावा आणि त्याच आठवड्यात पहिली विहीर मोजावी.

आपला,
खाणपट्ट्यातील एक ग्रामस्थ