बोट कुणाची?

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. गेल्या नाताळात ती कॅरिबियन समुद्रात सात दिवसांची जलसफर करून आली. त्या सफरीचे फोटो आमच्या घरी अजून पाहिले जात आहेत. सकाळी एखाद्या बेटावर उतरायचे, पोहायचे, खरेदी करायची आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर जेवायला हजर व्हायचे. आजोबांना त्या समुद्राकाठचे एकच गाव ठाऊक आहे, पोर्ट ऑफ स्पेन. कारण १९७१ साली वाडेकरांच्या संघाने तिथे वेस्ट इंडीजला हरवले होते. "तिथे उतरलात का?" एवढेच त्यांनी विचारले. ती नाही म्हणाली आणि आजोबांचा रस संपला.

माझा मात्र संपला नाही. मी वाचत गेलो. २०२४ पासून फिरणाऱ्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाला वीस मजले आहेत आणि सात हजारांहून अधिक प्रवासी त्यावर मावतात. आपले अख्खे कॉलेज प्राध्यापकांसह चढवले तरी कुणाला गर्दी जाणवायची नाही! हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर अशाच एका जहाज कंपनीने जागा भाड्याने घेऊन कुंपण घातले आहे. प्रवासी तिथे उतरायचा, वाळूत लोळायचा आणि कुंपणापलीकडचा हैती न पाहता परतायचा. त्या जागेचे नाव लाबादी. मराठी कानाला काय ऐकू येते ते लिहीत नाही.

हे सगळे डोक्यात असतानाच मी गेल्या हिवाळ्यात वर्गमित्राबरोबर त्याच्या घरी गेलो. त्याची वाडी डिंभे धरणाच्या पलीकडच्या काठावर आहे. रस्त्याने वळसा घालण्यापेक्षा होडी बरी, म्हणून होडीने निघालो. घोड नदीवरच्या या धरणाचे पाणी डाव्या कालव्याने येडगावला आणि पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. जुने आंबेगाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याला नाव त्या गावाचे, कचेऱ्या घोडेगावात आणि गाव तळाशी! होडीत आमच्याबरोबर दोन बायका होत्या, तेलाचा डबा होता, एक आजारी मूल होते. कुणी फोटो काढत नव्हते.

दुपारी मित्राच्या आजीने नाचणीची भाकरी आणि रोहूचे कालवण वाढले. मी उत्साहाने ताईच्या जहाजाच्या गोष्टी सांगितल्या. त्यावर म्हणे पोहण्याचे तलावसुद्धा आहेत. आजी म्हणाली, "आमचं शेत हाय की तळ्यात. पोहून काय करायचं?" उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत हे लोक पीक घेतात. एरवी हिरडा गोळा करायचा आणि मासे धरायचे.

आता मुद्द्यावर येतो. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला तेव्हापासून आपल्याकडेही बोटिंगची भाषा ऐकू येते. डिंभ्यात झोकदार बोटी सोडाव्यात, काठावर तंबू ठोकावेत, असे आपल्याच कट्ट्यावरचे मित्र म्हणतात. मी पर्यटनाच्या विरुद्ध नाही. पाणी सुंदर आहे आणि पाहुण्यांनी ते पाहावे. पण ज्यांची घरे त्या पाण्यात गेली त्यांना बाजाराला, दवाखान्याला, शाळेला नेणारी वेळेवरची बोट आधी सुटली पाहिजे. मग हौशी माणसांची सुटू दे. आणि दोन्ही बोटींची मालकी काठावरच्यांची असावी. हे स्वप्नरंजन नव्हे. 'शाश्वत' संस्थेच्या साथीने इथल्या धरणग्रस्त आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था चालवून दाखवली आहे. 'शाश्वत'च्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. ज्यांना जाळे, होडी आणि हिशेब सांभाळता येतो, त्यांना तिकीट फाडता येणार नाही काय? बाहेरच्या ठेकेदाराने कुंपण घालावे आणि मित्राच्या आजीने बाहेरून चहा विकावा, हे मला मान्य नाही. तसे झाले तर आपलीही लाबादीच होईल.

ताईने एक गंमत सांगितली होती. जहाज ठरल्या वेळी सुटते. बेटावर रेंगाळलेले प्रवासी धक्क्यावर धावत येतात आणि डेकवरचे लोक टाळ्या पिटतात. जहाज थांबत नाही.

त्या संध्याकाळी आम्हालाही उशीर झाला. धापा टाकत काठावर पोचलो तर होडीवाले काका वल्हे मांडीवर घेऊन बसले होते. सकाळच्या त्या बायका आधीच होडीत होत्या. मूल आता झोपले होते. "बसा लवकर," काका म्हणाले, "डॉक्टरच भेटला नाही यांना. उद्या परत आणायचंय."