उपकेंद्राच्या भिंती आणि त्यांतील यंत्रे

विद्युत्शक्तीचा इतिहास सांगताना आपण संशोधकांची नावे घेतो, फार तर मोठ्या धरणांचा उल्लेख करतो. परंतु वीज निर्माण होते ते ठिकाण आणि ती कामी येते ते ठिकाण यांच्यामध्ये उभ्या असलेल्या इमारतींची आठवण क्वचितच कोणास होते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागातील आयव्ही उपकेंद्र ही अशीच एक इमारत होय. लॉस एंजेलिस पॅसिफिक या कंपनीने ती १९०७ साली आपल्या विजेच्या ट्रामगाड्यांसाठी बांधली. शेजारची कल्व्हर सिटी ही नगरी रीतसर स्थापन झाली ती १९१७ साली. म्हणजे नगरीच्या आधी दहा वर्षे तेथे वीज पोहोचली होती!

असे उपकेंद्र मुळात हवेच कशाला? ट्रामची मोटर साधारणतः ६०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चाले. समजा, एका गाडीस ६० किलोवॉट शक्ती हवी आहे. ६०० व्होल्टला त्यासाठी १०० अँपिअर प्रवाह लागेल. १५,००० व्होल्टला केवळ ४ अँपिअर पुरेल. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, त्याच तारेतील ही हानी ६२५ पटींनी कमी होईल. म्हणून वीज दुरून आणावयाची ती उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या रूपाने, आणि मार्गाजवळ तिचा दाब उतरवून तिला एकदिश करावयाचे, अशी योजना रूढ झाली. त्या काळी हे रूपांतर अवजड फिरत्या यंत्रांनी होत असे. त्यांच्यासाठी भक्कम पाया, उंच छत आणि उष्णता बाहेर जाण्यास वाव असलेले दालन आवश्यक असे.

ही गरज एखाद्या ओबडधोबड कोठारानेही भागली असती. तथापि आयव्हीच्या दर्शनी भिंतीस वक्राकार शिखर आणि कमानदार खिडक्या देण्यात आल्या. ही शैली कॅलिफोर्नियातील अठराव्या शतकातील स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या मठांवरून घेतलेली आहे. नव्या शक्तीने परक्यासारखे न येता त्या भूमीच्या ओळखीच्या वेषात यावे, ही दृष्टी आम्हांस आदरणीय वाटते.

१९५३ साली उपकेंद्राचे काम संपले व वास्तू ओस पडली. १९८१ साली तिची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत झाली. पुढे तिचा जीर्णोद्धार होऊन तेथे नाट्यगृह झाले. भिंती वाचल्या, हे उत्तमच झाले. परंतु ज्या यंत्रांसाठी त्या उभारल्या होत्या ती तेथे नाहीत. आणि यंत्रावाचून ते उंच छत पाहणाऱ्यास केवळ शोभेचे भासते. कोणी म्हणेल, कालबाह्य यंत्रांनी जागा का अडवावी? सारी यंत्रे ठेवावीत असे आमचेही म्हणणे नाही. एखादे यंत्र, एक नकाशा आणि चार ओळींचा सुबोध फलक एवढे पुरे. त्याने नाटकास बाध येत नाही आणि इमारतीचा अर्थ मात्र शाबूत राहतो.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. ज्या वर्षी आयव्ही थांबले त्याच १९५३ साली मद्रासची ट्राम बंद झाली. १९६४ साली मुंबईची झाली. उलट आयव्हीच्या परिसरात २०१२ साली विजेच्या नव्या रेल्वेचे स्थानक उघडले, आणि त्या गाड्यांसाठीही प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करावाच लागतो. साधने पालटली, तत्त्व तेच राहिले. तेव्हा आपल्या गावातील एखादे जुने वीजघर पाडावयाचे वा सजवावयाचे ठरेल, त्या वेळी त्याच्या आत काय चालत होते हे आधी लिहून ठेवावे. हे काम शाळांनी आणि ग्रंथालयांनी अंगावर घेतले, तर त्यास फारसा खर्चही येणार नाही.